पहिलं धनुष्य: धामण, माणगा आणि सत्तरीतला पाऊस

कुळागरी | ८ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून थोडं आत आमचं कुळागर आहे. पोफळी, नारळ, केळी, मिरवेल. लहानपणी आजोबांच्या पडवीत वाशाला एक धनुष्य लटकवलेलं असायचं. ते बाणांचं नव्हतं, गोळ्यांचं होतं. दोन समांतर दोऱ्या, मधोमध विणलेली बोटभर पट्टी, आणि त्या पट्टीत उन्हात वाळवलेली मातीची गोळी धरायची. पोफळीवर माकडं आली की आजोबा ते घेऊन निघत. गोळी माकडाला न लागता शेजारच्या झावळीवर फाडकन आपटली पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. ते गेल्यावर घराची दुरुस्ती निघाली आणि त्या गडबडीत धनुष्य कुणीतरी चुलीत घातलं. ते मला अजून लागून राहिलंय.

यंदा मार्चअखेरच्या वाऱ्यात कुळागराच्या वरच्या अंगाची मांडीएवढ्या जाडीचं धामणीचं झाड मुळासकट कलंडलं. वनखात्याच्या माणसांना कळवलं, मग सहा फुटांचा सरळ तुकडा काढून पाचरी मारून चार फाळ्या केल्या. साल तशीच आहे. आता मनात आहे की यातून बाणाचं धनुष्य करावं, साधं, एकाच लाकडाचं, काही न चिकटवता. कोयता, रंधा, पटाशी, दोन कानशी एवढी हत्यारं घरात आहेत. मशीन नाही.

पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येईल, त्याआधी पुरं करायचा विचार आहे. जमेल का? माझी उंची पाच फूट सात इंच, तर लांबी किती ठेवू? फाळीची कुठली बाजू पुढे येते? दोरी घरच्या सुंभाची चालेल का? यातलं काहीच मी आधी केलेलं नाही.

---

रंधापटाशी | ८ मे, रात्री ११.०५

भाऊ, जूनचा बेत सोडून द्या. मी मेस्त, म्हणजे सुतार, माझे वडीलही मेस्त. मार्चमध्ये पडलेलं झाड मे महिन्यात लाकूड झालेलं नसतं, ते अजून झाडच असतं. आमच्यात हिशोब असा की उघड्यावर, सावलीत, एक इंच जाडीला एक वर्ष. आत्ता वाकवलंत तर मोडणार नाही कदाचित, पण जसं वाकवाल तसंच राहील. परत सरळ यायची ताकद ओल्या लाकडात नसते.

धामण मात्र तुम्हाला नशिबाने मिळाली. कुऱ्हाडीचे दांडे, बांबू मिळत नसला तर कावडीच्या दांड्या, बैलगाडीच्या दांड्या, जिथे झटका बसतो तिथे जुने लोक धामण घालत. सागवान कपाटाला आणि दारांना उत्तम, पण झटका त्याला सोसत नाही. माझ्याकडे दरवर्षी कुणीतरी उरलेली सागवानी पट्टी घेऊन पोरासाठी धनुष्य करून द्या म्हणून येतो. मी देत नाही. मोडलं तर तुकडा तोंडावर येतो.

आज एक काम करा. चारही फाळ्यांची टोकं मेण किंवा ऑइल पेंट लावून बंद करा. ओल टोकांतून भसाभस निघते आणि तिथून चीर आत जाते.

---

फोंडेकर काका | ९ मे, सकाळी ६.५०

कुळागरी, स्वागत. मी गेली बरीच वर्षं धनुष्यं करतो आणि तेवढीच मोडतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

लाकूड हवेशी देवाणघेवाण करतं. हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साधारण ९ टक्के पाणी उरतं. आर्द्रता ९० वर गेली की तेच लाकूड २० टक्क्यांपर्यंत पाणी धरून बसतं. युरोप-अमेरिकेतले लोक आठ ते दहा टक्क्यांवर काम करतात. आपल्याकडे, त्यातही सत्तरीत, जिथे पाऊस चार हजार मिलिमीटरच्या पुढे जाणं नवीन नाही, तिथे जून ते सप्टेंबर लाकूड कितीही जुनं असो, ते ओलसरच असतं. त्यामुळे तिकडचं वाचून 'एक वर्ष वाळलं, झालं' असं धरू नका. वजन करा.

कसं? फाळीचा एक छोटा तुकडा कापा, वजन घ्या, मग ओव्हनमध्ये शंभराच्या थोडं वर तापमान ठेवून वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत सुकवा. समजा १०० ग्रॅमचे ६४ झाले. म्हणजे तुमच्या फाळीतलं खरं लाकूड वजनाच्या ६४ टक्के, बाकी पाणी. मग अख्ख्या फाळीचं आजचं वजन लिहा, त्याचे ६४ टक्के काढा, आणि पुढे दर पंधरवड्याला वजन करून कोरड्या लाकडाच्या किती टक्के पाणी उरलं ते बघत जा. आकडा बारा-तेरावर आला की आपल्याकडे कामाला लागता येतं.

अख्खी फाळी वाळायला फार वेळ घेते. म्हणून आत्ताच ढोबळ आकार काढा, पाच सेंटिमीटर रुंद, तीन जाड, सहा फूट लांब, आणि मग ठेवा. सालीकडची बाजू ती धनुष्याची पाठ, म्हणजे बाण मारताना तुमच्यापासून दूर, लक्ष्याकडे असते ती. तुमच्या तोंडाकडची बाजू ते पोट. वाकताना पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. पाठीवर लाकडाचं वर्षाचं एकच कडं टोकापासून टोकापर्यंत अखंड राहिलं पाहिजे. धामणीत सालीखालचं पहिलंच कडं घ्या, म्हणजे साल सोलली की पाठ तयार, तिला रंधा लावायचाच नाही. कडं कुठे तुटलं तर ताण त्या कडेवर येतो आणि तिथून खपली उचलते. साल आत्ता काढलीत तर पाठीलाही मेण लावा, नाहीतर ती चिरेल.

आणि आता मुख्य सूचना. धामण माळ्यावर ठेवा आणि पहिलं धनुष्य बांबूचं करा. तुमच्या कुळागरात माणगा जातीचा बांबू नक्की असेल.

---

डिचोलीकर | ९ मे, दुपारी १.१५

दोन गोष्टी. गोव्यात स्वतःच्या जमिनीतलं झाड तोडायलाही १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. तुमचं आपोआप पडलं आणि तुम्ही कळवलंत, हे योग्य केलंत. धागा वाचून कुणी उभी धामण तोडायला जाऊ नये आणि म्हादई अभयारण्यातून तर काडीही आणू नये. बांबूचं सोपं आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेर लावलेला बांबू कायद्याने झाड राहिलेला नाही.

दुसरं, माकडांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. बाण कुठल्याही प्राण्यावर रोखायचा नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा स्पष्ट आहे.

---

कुळागरी | ९ मे, रात्री ८.३०

डिचोलीकर, आजोबांनी जे शिकवलं तेच मनात आहे. गवताच्या पेंढ्यांवर मारणार, दुसरीकडे नाही.

काका, माणगा आहे! व्हाळाच्या काठाला दोन बेटं. जानेवारीत काढलेल्या दहा-बारा काठ्या व्हाळाच्या पाण्यात तीन आठवडे बुडवून, मग चुलीवरच्या माळ्यावर टाकलेल्या आहेत. केळीला टेकू लावायला ठेवल्या होत्या. काळपट झाल्यात धुराने. चालतील?

---

फोंडेकर काका | ९ मे, रात्री ९.१०

चालतील काय, याहून चांगलं मी तुम्हाला विकत आणून देऊ शकलो नसतो! वाहत्या पाण्यात बांबूतली पिठूळ साखर निघून जाते, मग भुंगा लागत नाही. वर तीन महिने धूर आणि ऊब. फक्त तीन वर्षांपुढची काठी निवडा. कोवळ्या काठीत जीव नसतो, वाळताना ती सुरकुतते.

माणग्याची खुबी म्हणजे तो जवळजवळ भरीव. पोकळ कळकातून पट्टी काढली तर जाडी जेवढी भिंतीची तेवढीच मिळते. माणग्याची चार सेंटिमीटरची काठी मधून चिरली की दोन सेंटिमीटर जाडीचा, बाहेरून गोल आणि आतून सपाट असा अर्धगोल मिळतो. बांबूचे चिवट धागे बाहेरच्या सालीजवळ दाट, आत विरळ. म्हणून हिरवी-पिवळी साल हीच पाठ. तिला कानस, कोयता, पॉलिश पेपर, काहीही लावायचं नाही. गाठींचे उंचवटेसुद्धा तसेच.

---

पेडण्याची लेक | १० मे, सकाळी १०.२०

दादा, मी कॉलेजात असताना तिरंदाजी शिकले. आपल्याकडे स्पर्धांत 'इंडियन राउंड' असतो, त्यात बांबूचंच देशी धनुष्य वापरतात. त्यामुळे बांबू म्हणजे पोरखेळ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. ऑलिंपिकपर्यंत गेलेले लिंबाराम लहानपणी बांबूच्या धनुष्यावरच शिकले.

लाकडाआधी स्वतःचं माप घ्या. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात फैलावा, मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचात मोजा आणि अडीचने भागा. तेवढी तुमची ओढ, म्हणजे दोरी मागे खेचायचं अंतर. तुमची सत्तावीसच्या आसपास येईल. पहिल्या धनुष्याला २६ इंच धरा आणि जोर, म्हणजे तेवढं ओढायला लागणारं बळ, ३० पौंडांच्या आत ठेवा. नवशिक्या माणसाला पन्नास पौंडांचं आकर्षण असतं, पण पन्नास ओढताना खांदा कानाजवळ चढतो, कोपर थरथरतं, आणि ती चुकीची सवय पुढे मोडता येत नाही. तुम्ही धनुष्य करणारही आणि मारणारही पहिल्यांदाच, तर दोन्ही शिकताना शरीराला मोकळीक हवी.

माझे बाबा दशावतारात रामाचं काम करायचे. त्यांचं बेगड लावलेलं धनुष्य आमच्या घरी आहे. ते वाकत नाही, पण पोराटोरांनी ते उचललं तरी आधी पाया पडायचं, असं घरात होतं. तुमच्या आजोबांच्या धनुष्याचं वाचून तेच आठवलं.

---

ज्यामौर्वी | १० मे, रात्री १०.४५

दोरीच्या प्रश्नाला अजून कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो. सुंभ नको. काथ्याचा धागा ताणला की खूप लांबतो, म्हणूनच तो होडी बांधायला चांगला. धनुष्याला लांबणारी दोरी म्हणजे हातातला जोर दोरीतच जिरवणं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याची चार द्रव्यं दिली आहेत: ताल, चाप, दारव, शार्ङ्ग. म्हणजे ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. दोरीसाठी मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणु आणि स्नायू. 'मौर्वी' हा दोरीचा शब्दच मूर्वा या वनस्पतीवरून आलेला आहे. यातला अर्क म्हणजे आपली रुई, शण म्हणजे ताग आणि वेणु म्हणजे बांबूच. भिल्लांच्या धनुष्याला आजही बांबूच्या कामटीची दोरी असते. आणि धामणीचं संस्कृत नाव 'धन्वन', हे तुम्हाला माहीत असेल तर माफ करा, नसेल तर तुमच्या माळ्यावर काय पडलंय ते लक्षात येईल.

रुईचा वाख, म्हणजे सालीतला धागा, काढून दोरी वळणं हे वेगळं शास्त्र आहे. पहिल्या वेळी चांभाराकडचा मेणवलेला पॉलिस्टर धागा घ्या. नायलॉन नको, तोही लांबतो. एका धाग्याला बादली लटकवा, तुटेपर्यंत पाणी ओता, तेवढी त्याची ताकद. दोरीने धनुष्याच्या जोराच्या निदान चौपट वजन पेलायला हवं.

---

कुळागरी | २४ मे, सायंकाळी ७.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. धन्वन हे मला माहीत नव्हतं. वाचल्यावर उठून माळ्यावर जाऊन फाळ्यांना हात लावून आलो.

धामणीचं आधी सांगतो. एका फाळीचा ढोबळ आकार काढला, टोकांना आणि पाठीला मेण लावलं. वजन २ किलो ८६० ग्रॅम. तुकड्याचा हिशोब काकांनी उदाहरणाला दिला तसाच निघाला, १०० चे ६४. म्हणजे कोरडं लाकूड सुमारे १ किलो ८३०, आणि आज पाणी ५६ टक्के. जवळजवळ दोन महिन्यांत एवढंच वाळलं असं म्हणायचं.

आता माणगा. साडेपाच फुटांची काठी घेऊन बुंध्याकडून कोयता घातला. चीर पहिल्या गाठीपर्यंत नीट गेली, मग एका बाजूला पळू लागली. शेजारच्या टोपल्या विणणाऱ्या आजींनी येऊन दाखवलं. ज्या बाजूला चीर पळते त्याच्या उलट, जाड राहिलेल्या बाजूला वाकवायचं, म्हणजे चीर परत मधे येते. दुसरी काठी आजींच्या देखरेखीखाली सरळ चिरली. त्या म्हणाल्या, बांबूशी भांडायचं नाही.

मधोमध मूठभर जागा सोडली, रुंदी मधे ३८ मिलिमीटर, टोकांना १२. कडेने निमुळती करायला तीन संध्याकाळ गेल्या. आता जमिनीवर टेकवून दाबलं तर थोडं वाकतं. पुढे?

---

फोंडेकर काका | २५ मे, सकाळी ७.०५

आता खरं काम. याला बाहेर टिलरिंग म्हणतात, आपण बाक जुळवणं म्हणू. दोन्ही हात, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा भाग, सारखे वाकले पाहिजेत आणि प्रत्येक हात आपल्या पूर्ण लांबीत वाकला पाहिजे, एकाच ठिकाणी नाही.

एक आकडा मनात कोरून ठेवा. रुंदी दहा टक्के कमी केली तर जोर दहा टक्के जातो. जाडीचं तसं नाही. जोर जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. १२ मिलिमीटर जाडीच्या जागी एक मिलिमीटर काढला, तर त्या जागेचा जवळजवळ पाव जोर गेला. म्हणून पोटावर रंधा आता बंद. कानस, आणि शेवटी फुटक्या काचेची धार.

ओसरीच्या खांबाला एक आडवी खुंटी ठोका, त्यावर मूठ ठेवा, टोकांना सैल लांब दोरी अडकवा. तिला दुसरी दोरी बांधून खाली विहिरीच्या कप्पीतून घ्या आणि दहा पावलं लांब उभे राहून ओढा. लांबून दोन्ही हात एकदम दिसतात आणि मोडलं तर तुम्ही लांब असता. फोनवर फोटो काढून तो उलटा करून पाहा, डोळ्याला सवय झालेली चूक लगेच दिसते. पोटावर जिथे वाक नाही तिथे पेन्सिलीने रेघा ओढा, रेघा जाईपर्यंतच खरवडा, मग पंचवीस-तीसदा हलकेच ओढून सोडा, मग परत बघा. खरवडल्यावर बांबूला नवी जाडी कळायला वेळ लागतो.

आणि मोडून चालणार नाही असा नियम: शेवटी जितका जोर हवा त्यापेक्षा जास्त जोराने तो कधीही ओढायचा नाही. तीस पौंड हवेत ना? मग तीस पौंडांवर दहा इंच आला तर दहावर थांबा. खरवडा. मग बारावर थांबा. पन्नास पौंडांवर ओढून 'किती वाकतो बघू' केलंत तर पोटातले धागे चेपतात आणि ते परत येत नाहीत.

---

रंधापटाशी | २५ मे, दुपारी २.००

काकांच्या बोलण्यात एक भर. एक सरळ लाकडी ठोकळा घ्या, बोटभर लांब, मधे भोक पाडून पेन्सिल अशी बसवा की टोक ठोकळ्याच्या खाली किंचित बाहेर राहील. धनुष्य वाकवून ठेवलेलं असताना ठोकळा पोटावरून फिरवा. जिथे चांगला बाक तिथे पेन्सिल टेकत नाही, जिथे ताठ तिथे रेघ उमटते. डोळ्यावर विसंबायची गरज नाही. आमच्या कामात हे नेहमीचं.

---

कुळागरी | ७ जून, रात्री ९.५५

पाऊस परवा लागला. आणि माझी चूक झाली.

खालच्या हाताला, मुठीपासून तिसऱ्या गाठीशी, धनुष्य कोपरासारखं वाकायला लागलंय. कारण मला कळलं. पोटाच्या बाजूला गाठीचा फुगवटा होता, तो मला दिसायला खुपत होता, म्हणून कानशीने बाकीच्या सपाटीला आणून टाकला. गाठीच्या आत धागे सरळ जात नाहीत, आडवेतिडवे असतात, तिथे थोडी जास्त जाडी हवी होती. अठरा इंचांवर २९ पौंड आहे. त्या जागी फोटोत चक्क कोन दिसतोय. आता वर पट्टी बांधून आवळू का? की हे गेलं?

---

फोंडेकर काका | ७ जून, रात्री १०.३०

गेलं नाही. आज त्याला हात लावू नका, दोरी काढा.

पट्टी बांधून बाक बदलत नाही, फक्त चूक झाकली जाते. करायचं असं: त्या गाठीभोवती चार-चार इंच लाल रेघ मारा आणि तो भाग अस्पृश्य समजा. बाकी सगळा खालचा हात, गाठीच्या दोन्ही बाजूंनी, हळूहळू पातळ करत त्या कमजोर जागेच्या जोडीला आणा. मग वरचा हात खालच्याच्या जोडीला आणा. जोर खाली येईल. तीसऐवजी पंचवीस-सव्वीस मिळेल. लांबी साडेपाच फूट आहे आणि ओढ सव्वीस इंच, त्यामुळे तेवढी जागा आहे. आखूड धनुष्य असतं तर मी असं बोललो नसतो. इंग्लंडच्या मेरी रोझ जहाजावर, जे १५४५ साली बुडालं आणि १९८२ साली वर काढलं, १३७ अखंड धनुष्यं सापडली, त्यांची सरासरी लांबी दोन मीटरला टेकते. लांबी चूक पोटात घेते.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या लिहिण्यात निराशा दिसली. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेला पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस, ओट्झी, त्याच्याजवळ यू लाकडाचं धनुष्य होतं, १.८२ मीटरचं, त्याच्या उंचीहून मोठं. ते अर्धवट होतं, तासल्याच्या खुणा तशाच. भात्यातल्या चौदा बाणांपैकी दोनच पुरे झालेले. ज्याचा जीव शिकारीवर अवलंबून होता तोही अर्धं काम पाठीला लावून डोंगर चढत होता. तुम्हाला महिना लागला तर लागू द्या.

---

पेडण्याची लेक | ८ जून, सकाळी ९.४०

कुळागरी दादा, सव्वीस पौंड खूप झाले. वीस मीटरवर पेंढा भेदतो.

---

कुळागरी | ६ जुलै, रात्री ८.१५

चार आठवडे एक दिवसाआड तासभर. लाल रेघेला हात लावला नाही. कोन गेला. गाठीशी अजून किंचित जास्त वाक आहे, पण ठोकळा फिरवला की सगळीकडे सारखी फट दिसते. पहिल्यांदा नीट आखूड दोरी चढवली तेव्हा घरातले सगळे ओसरीवर उभे होते. मुठीपासून दोरीचं अंतर सहा इंच, म्हणजे मूठ वळून अंगठा ताठ केल्यावर होतं तेवढं.

दोरीचं गणित असं झालं. एक धागा नऊ किलोला तुटला. धनुष्य बारा किलोचं धरलं तर चौपट म्हणजे अठ्ठेचाळीस, सहा धागे पुरले असते. पीळ आणि गाठीत ताकद जाते म्हणून बारा घेतले.

नवी अडचण पावसाची. दोरी उतरवली तरी धनुष्य दोन इंच वाकलेलंच राहतं, मे महिन्यात अर्धा इंच होतं.

---

रंधापटाशी | ६ जुलै, रात्री ९.००

कपड्यांचं कपाट. पावसात बुरशी लागू नये म्हणून आपल्याकडे आत पिवळा बल्ब लावून ठेवतात ना, त्यातच आठवडाभर उभं ठेवा. बल्बपासून हातभर लांब. मग कोळशाच्या निखाऱ्यावर वीतभर उंचीवर फक्त पोट शेका, फिरवत फिरवत, रंग बदामी होईपर्यंत. पोट कडक होतं. पाठीला आच लागता कामा नये. आधी कपाट, मग निखारे. ओला बांबू शेकला तर फुटतो.

---

कुळागरी | १७ ऑगस्ट, सायंकाळी ६.२०

केलं. वाक सव्वा इंचावर आला आणि तिथेच राहिलाय. तेव्हापासून वापर नसेल तेव्हा ते कपाटातच असतं.

मूठ वाशाला बांधून दोरीला बादली लटकवली आणि सव्वीस इंच येईपर्यंत पाणी ओतलं. बादलीसकट ११ किलो ८००, म्हणजे सव्वीस पौंड.

बाण चिवारी बांबूच्या बारीक काठ्यांचे, निखाऱ्यावर ऊब देऊन सरळ केलेले. सात केले, चार सारख्या वजनाचे निघाले. पिसं कोंबड्याची, एकाच पंखाची घ्यायची असतात हे पेडण्याच्या ताईंनी कळवलं नसतं तर मी दोन्ही पंखांची मिसळली असती. रविवारी पाऊस उघडल्यावर गोठ्यामागे गवताच्या पेंढ्या रचल्या, मागे मातीचा बांध आहे, पलीकडे कुणी येत-जात नाही याची खात्री केली. पंधरा पावलांवरून पहिला बाण खाली मातीत गेला. दुसरा पेंढ्यात. त्याचा आवाज, मऊ, बुचकन, मला अजून ऐकू येतो.

पुतणीने बाण न लावताच दोरी ओढून सोडायचा प्रयत्न केला, तिला वेळेवर अडवलं. बाण नसला की सगळा जोर धनुष्याच्याच अंगावर उलटतो, हे तिला समजावलं. आता ती सगळ्यांना सांगत फिरते.

---

ज्यामौर्वी | १७ ऑगस्ट, रात्री ९.३०

फार आनंद झाला. पुढच्या दोरीला रुईचा वाख काढायचा असेल तर पावसानंतर, काठ्या जून झाल्यावर. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, तो घातक असतो. मी पायरी-पायरीने लिहीन.

---

डिचोलीकर | १८ ऑगस्ट, सकाळी ८.१०

मातीच्या बांधाचं वाचून बरं वाटलं. अभिनंदन. चवथीला मुलं जमतील तेव्हा मात्र एक जबाबदार माणूस जवळ ठेवा.

---

फोंडेकर काका | १८ ऑगस्ट, सकाळी ८.४०

फोटो बघितले. खालच्या हाताची तिसरी गाठ मला दिसली, कारण मला ठाऊक होतं. नसतं तर दिसली नसती. धामणीचं वजन किती?

---

कुळागरी | १८ ऑगस्ट, दुपारी १२.०५

२ किलो १९०. म्हणजे जवळजवळ वीस टक्के. महिनाभर तिथेच अडलंय, तुम्ही मे महिन्यात म्हणाला होता तसंच.

---

कुळागरी | ११ डिसेंबर, रात्री ८.५०

धागा वर काढतोय. ऑक्टोबरपासून वजन परत उतरू लागलं. तीन पंधरवडे झाले, २ किलो ६० ग्रॅमवर थांबलंय, हलत नाही. साडेबारा टक्के. काल मेण खरवडून पाठ पाहिली. एक बारीक चीर आहे टोकाकडे, चार बोटं, ती कापून जाईल एवढी लांबी शिल्लक आहे. बाकी कडं टोकापासून टोकापर्यंत अखंड आहे. ओल्या फडक्याने पुसल्यावर लाकूड तांबूस झालं.

माणग्याचं धनुष्य आजोबांच्या वाशाला लटकवलंय, दोरी उतरवून. पुढच्या पावसाआधी परत कपाटात. सोमवारी रंधापटाशी भाऊ साखळीहून येतायत, त्यांच्यासोबत धामणीवर मधली रेघ मारणार आहे. काका, या वेळी गाठी नाहीत, पण मधे एक लहान डोळा आहे लाकडात, डाव्या कडेला. रेघ त्याच्या बाहेरून नेऊ की डोळा मधे ठेवून दोन्ही बाजूंना रुंदी वाढवू? फोटो टाकतोय.

---

फोंडेकर काका | ११ डिसेंबर, रात्री ९.२०

डोळा पोटाकडे निघतोय की पाठीकडे? दोन्ही बाजूंचा फोटो द्या, आणि सोमवारपर्यंत कोयता बाजूला ठेवा. मी पण येतो.